खोपा कोण बांधतं, कोण निवडतं?

मराठीत पक्ष्यांच्या नावांची एक गंमत आहे. कावळा, पोपट, बगळा हे सगळे पुरुष. आणि चिमणी, घार, टिटवी, साळुंकी या सगळ्या बायका. कावळ्यांत माद्या नसतात किंवा चिमण्यांत नर नसतात असं थोडंच आहे? पण भाषेनं एकदा ठरवलं की ठरवलं. आपण चिमणीच्या नराला 'चिमणा' म्हणून वेळ निभावून नेतो, एवढंच.

या यादीतलं एक नाव मात्र मला नेहमी वेगळं वाटत आलं आहे. ते म्हणजे सुगरण. हे नुसतं नाव नाही, प्रमाणपत्र आहे! 'सुगृहिणी' या शब्दापासून ते आलं असं सांगतात. ज्या बाईच्या हाताला चव आहे, जिचं घर नीटनेटकं आहे, ती सुगरण. आणि ज्या पाखराचा खोपा इतका सुबक विणलेला असतो, ते पाखरूही सुगरण. एवढं निगुतीचं घरकाम बाईशिवाय दुसरं कोण करणार, असा साधा सरळ हिशेब आपल्या पूर्वजांनी केला असणार.

प्रत्यक्षात तो खोपा विणतो नर. हे बऱ्याच वाचकांना माहीत असेल, हल्ली मुलांच्या पुस्तकांतही असतं. पण ही गोष्ट नीट कळली कशी, कुणाला, कधी, आणि त्यातून पुढे काय निघालं, हा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. आज तो सांगायचा विचार आहे. लेख थोडा लांबेल, पण चहाचा कप जवळ ठेवा म्हणजे झालं.

आधी आमच्या भागातलं सांगते. बोरी अरब हे दारव्हा तालुक्यातलं गाव. यवतमाळहून दारव्ह्याकडे येताना लागतं. आमच्याकडे शेतातल्या जुन्या विहिरींच्या काठी बाभूळ किंवा शिंदी असायचीच, आणि त्यांच्या विहिरीवर झुकलेल्या फांद्यांना खोप्यांची माळ लटकलेली असायची. मृगाच्या सरी पडून गवत वर आलं की पाखरांची लगबग सुरू. एरवी हे पाखरू चिमणीसारखं मातकट दिसतं, ओळखूही येत नाही. पण पावसाळ्यात नराचा माथा आणि छाती पिवळीधमक होते, गालावर काळपट मुखवटा चढतो. जणू हळद लागलेला नवरदेव! आमच्या लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की याच पाखरांवर गोफणी चालायच्या, कारण दाणा टिपायला हे सगळ्यांत पुढे.

पाखरू इतकं ओळखीचं, तरी त्याच्याविषयीच्या समजुती बघा. खोप्यांच्या माळेत काही खोपे अर्धवट असतात. वरून टोपीसारखे, खालून उघडे, आणि मधोमध एक आडवी दांडी. लोक सांगायचे, मादी अंडी उबवत बसली की नराला करमत नाही, म्हणून तो आपल्यासाठी झोका बांधतो. मोठ्या खोप्यात बायको राबते आणि नवरोबा झोक्यावर गाणी म्हणतात! ही समजूत देशभर होती. जर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकात भारतातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही तिची नोंद आहे. दुसरी समजूत अशी, की खोप्यात जो ओल्या मातीचा गोळा चिकटवलेला असतो त्यात पाखरू काजवा खोचतं, रात्रीच्या उजेडासाठी. मातीचा गोळा खरा आहे. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून तो लावत असावेत, असं मानतात. काजव्याचा दिवा मात्र कल्पनेतला.

म्हणजे विहिरीवर रोज पाणी भरणाऱ्या, शेतात रोज राखण करणाऱ्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या हा पक्षी पाहिला. पण 'अर्धा खोपा कशासाठी?' या प्रश्नाचं उत्तर शोधायला कुणी दिवसच्या दिवस तिथे बसलं नाही. बसणार तरी कसं? शेतकऱ्याला तेवढी फुरसत कुठली!

फुरसत मिळाली ती एका नोकरी गेलेल्या माणसाला.

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. लहानपणीच आईवडील गेले, मामांनी वाढवलं. मुलगा छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारायचा. १९०८ च्या सुमारास अशीच मारलेली एक चिमणी गळ्यावर पिवळा डाग असलेली निघाली. मामांनी त्याला ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्ड साहेबांनी ती ओळखली आणि पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. पुढचं सगळं आयुष्य त्या एका चिमणीनं ठरवलं. त्यांच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी नावातही ती चिमणी आहेच.

विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्याजवळ नव्हती, आणि त्यामुळे पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) गाईड लेक्चररची नोकरी लागली. दोनेक वर्षांनी ते रजा घेऊन जर्मनीत बर्लिनला गेले आणि श्ट्रेझेमान या नामवंत पक्षिशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येतात तो काय, पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली! वय चौतिशीकडे झुकलेलं, परदेशात शिकून आलेले, आणि हातात काम नाही.

तेव्हा पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. समुद्रकाठचं खेडं, नारळी-पोफळी, भातखाचरं. आणि जवळच सुगरणींची वसाहत. त्या पावसाळ्यात सालिम अलींनी खोप्यांजवळ एक शिडी उभी केली, वर बसण्यापुरता आडोसा केला आणि तासन् तास बसून बघत राहिले. दुर्बीण, वही, पेन्सिल. प्रयोगशाळा म्हणाल तर एवढीच.

त्यांना जे दिसलं ते असं.

खोपा बांधायला सुरुवात नर करतो. गवताच्या किंवा भाताच्या पातीला चोचीनं चीर पाडतो, उडता उडता लांब धागा ओढून काढतो आणि फांदीला गाठ मारतो. मग एक कडं विणतो. त्या कड्यात बसूनच एका बाजूला अंड्यांची खोली उतरवत नेतो. एका खोप्यासाठी शेकडो फेऱ्या होतात. आठेक दिवसांत काम त्या टोपीसारख्या, आडवी दांडी असलेल्या टप्प्यावर येतं. आणि इथे तो थांबतो! काम संपलं म्हणून नव्हे. इथून पुढचं त्याच्या हातात नसतं, म्हणून.

आता माद्यांची वाट बघायची. माद्या येतात त्या घोळक्यानं. त्या आल्या की सगळ्या वसाहतीत कल्लोळ. प्रत्येक नर आपापल्या अर्ध्या खोप्याला लटकून पंख फडफडवतो, ओरडतो, 'आमच्याकडे या, आमचं बघा'. मादी शांतपणे एकेका खोप्यात शिरते. दांडीवर बसून बघते, इकडे तिकडे चोचीनं ओढून बघते. पसंत नाही पडलं तर उडून शेजारच्याकडे. पसंत पडलं तर ती तिथेच ठाण मांडते, आणि मगच ते दोघं जोडीदार होतात. त्यानंतर नर उरलेला खोपा पूर्ण करतो, खालची लांब नळी विणतो. आतली मऊ गादी तिची. ती दोन ते चार पांढरी अंडी घालते, पंधराएक दिवस एकटी उबवते, आणि पिल्लांना चारण्याचं बहुतेक कामही तीच करते.

आणि नर? तो शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. जमलं तर तिसरा. म्हणजे तो झोका नवरोबांच्या आरामाचा नव्हता. ते पुढच्या लग्नाचं स्थळ होतं, किंवा कुणी पसंत न केल्यामुळे तसंच राहिलेलं घर!

१९३१ साली त्यांनी हे सगळं सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. पिढ्यान् पिढ्यांचा प्रश्न एका पावसाळ्यात सुटला.

याचं महत्त्व कळायला थोडं मागे, इंग्लंडात जावं लागेल. डार्विननं १८७१ च्या आपल्या ग्रंथात एक धाडसी विचार मांडला होता. मोराचा पिसारा जगायला उपयोगाचा नाही, उलट अडचणच. मग तो आला कुठून? त्याचं उत्तर होतं, लांडोरीच्या पसंतीतून. ज्या मोराला लांडोरी निवडतात त्याची पिल्लं होतात, आणि पिढी दरपिढी पिसारा वाढत जातो. म्हणजे नराचं रूप घडवणारी शक्ती कोणती, तर मादीची निवड.

नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त पुष्कळांनी हळूहळू मान्य केला. पण हा विचार मोठमोठ्या विद्वानांच्या घशाखाली उतरेना. डार्विनच्या बरोबरीनं उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारे वॉलेससुद्धा या बाबतीत त्याच्या विरुद्ध गेले. मादीची आवड इतकी चंचल, ती कसली पिढ्यान् पिढ्या टिकतेय, असाही एक आक्षेप होता. ज्या समाजात बायकांना मताचा अधिकार नव्हता, त्या समाजाला पक्षिणीला मत असल्याचं पटायला जड गेलं असेल, तर त्यात नवल ते काय?

योगायोग बघा. ज्या १९३० साली सालिम अली किहीमला शिडीवर बसले होते, त्याच साली इंग्लंडात फिशर या गणितज्ञाचं पुस्तक प्रसिद्ध झालं. मादीची आवड आणि नराचा डौल एकमेकांना कसे पुढे रेटत नेतात, याचा खुलासा त्यात होता. एकानं टेबलाशी बसून विचार केला, दुसऱ्यानं झाडाशी बसून पाहिलं. तरीही हा विषय पुढे बराच काळ अडगळीतच राहिला. त्याला खरा बहर आला १९७० नंतर. १९८२ साली माल्टे अँडरसन या स्वीडिश शास्त्रज्ञाचा प्रयोग गाजला, आणि तो पक्षीही आपल्या सुगरणीच्याच कुळातला, आफ्रिकेतला. त्याच्या नराची शेपटी हातभर लांब. अँडरसननं केनियात काही नरांच्या शेपट्या कापून आखूड केल्या आणि तो तुकडा दुसऱ्या नरांच्या शेपटीला चिकटवला. वाढीव शेपटीवाल्यांकडे माद्यांची गर्दी झाली! मादी खरोखर निवड करते, हे आता आकड्यांत दिसलं.

इकडे सुगरणीवरचं कामही थांबलं नव्हतं. सालिम अलींचे विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर यांनी सुगरणीच्या विणीवर पुढे बारकाईनं अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ मुंबई विद्यापीठानं १९६४ साली काढला. आणि २००५-०६ मध्ये सुहेल क्वादर यांचे अभ्यास आले. त्यांचा प्रश्न मला फार आवडला. मादी निवडते हे खरं, पण निवडताना ती नेमकं काय बघते? विणकाम?

उत्तर आलं की विणकामापेक्षा ती जागा जास्त बघते. खोपा उंचावर आहे का? फांदी बारीक आहे का? म्हणजे सापाला, उंदराला तिथवर पोचणं अवघड आहे का? आपण माणसं ज्या विणकामाचं एवढं कौतुक करतो, ज्यावरून पाखराला नाव दिलं, ते तिच्या लेखी दुसऱ्या क्रमांकाचं. तिला बघायचं असतं, इथे माझी पिल्लं सुखरूप राहतील का. हे वाचलं तेव्हा विहिरीवर झुकलेल्या आमच्या बाभळीच्या शेंड्याकडे मी नव्यानं बघितलं.

आता बहिणाबाईंकडे येते, कारण सुगरण म्हटलं की मराठी माणसाला पहिल्यांदा त्याच आठवतात. बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. अक्षरओळख नाही. त्यांच्या कविता सोपानदेवांनी उतरवून ठेवल्या आणि त्या गेल्यावर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. त्यांची खोप्याची कविता मी अनेक वर्षं वर्गात शिकवली. त्या कवितेत खोपा बांधते ती आई, पिल्लांसाठी.

मग कविता खोटी का? मला नाही तसं वाटत. ऐन तिशीत वैधव्य आलेली, शेतात राबून लेकरं वाढवणारी बाई वर झाडाकडे बघते तेव्हा तिला काय दिसतं? पिल्लं वाढत असताना खोप्यात सारखी ये-जा करणारी, चारा आणणारी एकटी मादीच. नर तेव्हा दुसऱ्या फांदीवर गेलेला असतो. बहिणाबाईंनी ज्या दिवसांतला खोपा पाहिला, त्या दिवसांत आईच होती तिथे. सालिम अलींनी सुरुवातीपासून पाहिलं म्हणून त्यांना बांधणाराही दिसला. दोघांनीही आपापल्या डोळ्यांनीच पाहिलं.

ही कविता शिकवताना एकदा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, मंग तिचा नवरा काय करते?" सगळा वर्ग हसला. मी सालिम अलींविषयी वाचलेलं होतं, म्हणून तिला म्हटलं, खोपा तर त्यानंच बांधला आहे, आणि ती बघायला आली होती, पसंत पडला म्हणून राहिली. वर्ग एकदम गप्प झाला. मग ती मुलगी म्हणाली, "म्हणजे पाखरात पोरगी पाहाले जाते?" यावर मुलं पुन्हा हसली, पण मुली हसल्या नाहीत. तो क्षण माझ्या चांगलाच लक्षात राहिला.

कारण आमच्या घरी काय झालं ते मला ठाऊक होतं. १९६२ साली ताईला बघायला पाहुणे आले. तिला चालून दाखवायला सांगितलं, सुईत दोरा ओवायला सांगितला, पोहे तिनंच केले का ते विचारलं. आईनं अभिमानानं सांगितलं, "पोरगी सुगरण आहे हो." त्यांनी पसंती कळवली आणि लग्न ठरलं. सगळ्यांना विचारलं गेलं, मामांना, आत्याबाईंना, गुरुजींना. ताईला कुणी विचारलं नाही. तिनं पुढे संसार नेटानं केला, तक्रार कधी केली नाही. एकदा मात्र, तिची नातवंडं मोठी झाल्यावर, सहज बोलून गेली, "मला फक्त एवढंच वाटे की त्या घरात पाणी कितीक लांबून आणावं लागते, ते तरी मला आधी पाहू द्यायचं होतं."

क्वादर यांचं संशोधन वाचताना मला ताईचं हे वाक्य आठवलं. तिलाही नवऱ्याच्या पिसाऱ्याशी देणंघेणं नव्हतं. तिला जागा बघायची होती.

आता कुणी म्हणेल, पाखरांवरून माणसांचे नियम काढू नयेत. अगदी मान्य. सुगरणीचा नर एका पावसाळ्यात दोन-तीन घरं मांडतो, आणि मादीही पुढच्या विणीला दुसरा जोडीदार बघू शकते. त्यातलं काही आपल्याला उचलायचं नाही. पण नियम काढायला सुरुवात आपणच केली ना? पाखराचं नाव मुलीला आणि मुलीचं नाव पाखराला देऊन आपण शेकडो वर्षं मुलींना सांगत आलो, सुगरण हो, घर नीट ठेव. उदाहरण द्यायचंच असेल तर पूर्ण द्यावं. खोपा विणण्याचं काम त्याचं असतं, आणि तो पसंत करायचा की नाही हे तिच्या मनावर असतं, एवढं तरी सांगावं. माझ्या नातीला मी तसंच सांगितलं आहे. ती सध्या पुण्यात नोकरी करते आणि तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे. परवा फोनवर म्हणाली, "आजी, मुलगा बरा आहे, पण फांदी जाड वाटतेय." मी पोट धरून हसले. तिच्या आईला काही कळलं नाही!

असो. आमच्याकडे ज्वारी कमी झाली, सोयाबीन आलं. कित्येक जुन्या विहिरी बुजल्या, काठच्या बाभळीही गेल्या. तरी गेल्या पावसाळ्यात गावाबाहेर एका शिंदीवर मी सतरा खोपे मोजले. त्यातले सहा अर्धवट होते. आधी त्यांना मी झोकेच म्हटलं असतं. आता माहीत आहे, की त्या सहा घरांना नकार मिळालेला होता, आणि नकार देणारीनं नीट बघूनच तो दिला होता.

येत्या आषाढ-श्रावणात तुमच्या गावाकडे गेलात तर तुम्हीही मोजा. एकूण किती, अर्धे किती, झाड कोणतं, फांदी विहिरीवर होती की जमिनीवर, एवढं टिपून मला कळवा. नातवंडांना बरोबर घ्या. शिडी नसली तरी चालेल, पण घाई मात्र करू नका. अर्धा तास तरी बसा.